तिघऱ्यावर, नव्या माणसाला

ये. चपला तिथंच काढ, पुढे घोट्याएवढा चिखल आहे.
ठेकेदाराची पावती घेतलीस?
शर्टाच्या खिशात ठेव. पँटच्या खिशातली भिजते,
माझी दोनदा भिजलीय.
आणि पाण्यात पाय सोडून बसू नकोस.
तो समोरचा ओंडका कधी कधी ओंडका नसतो.

बघू तुझा रॉड.
नवा कोरा. दुकानदार म्हणाला असेल,
दहा किलोचा मासा आरामात ओढेल.
ओढेल की.
ओढायचं नसतं, हे दुकानात कोणी सांगत नाही.
ड्रॅग सैल कर. अजून. अजून थोडा.
हां. हातानं खेचलास तर दोर सुटला पाहिजे,
पण कुरकुरत,
सोमवारी शाळेला निघालेल्या पोरासारखा.

गाठ बरोबर आहे, पण कोरडी आवळलीस.
नायलॉन कोरडं आवळलं की आतून जळतं,
डोळ्यांना दिसत नाही.
तोंडात धर, थुंकी लाव, मग हळू ओढ.
हे मला बाथमनं शिकवलं.
तो बघ, बाभळीखाली. मुन्नालाल बाथम.
त्याच्याकडे रीलच नाही.
बांबू, दोर, मोरपिसाच्या दांडीचा तरंग,
आणि आमच्यात सगळ्यात जास्त मासे त्याचेच.
रामराम कर त्याला.
आत्ता नको. तरंग हलतोय.

चारा काय आणलास? ब्रेड?
राहू दे, चहाबरोबर खाऊ.
हा घे. कणीक, सत्तू, चिमूटभर गूळ, आणि हिंग.
हिंगाचं म्हणशील तर आमच्या घरी
माशाचं नावसुद्धा निघत नाही,
दौलतगंजातलं जुनं सोवळं.
बावीस वर्षं मी रविवारी 'फिरायला' जातो.
डबीतलं हिंग शनिवारी कमी कसं होतं
हे बायकोनं कधी विचारलं नाही.
गेल्या दिवाळीत एवढंच म्हणाली,
दोन डब्या आणल्यात. लहान तुमची.

नाही, मी खात नाही.
मोठा रोहू बाथमच्या घरी जातो, लहान परत पाण्यात.
सोडायचा असेल तर आधी हात ओले कर.
कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीतपणा चिकटून येतो,
मग सोडलेलाही जगत नाही.

बस ना. त्या स्टुलावर नको...
बरं, बस. बसच.
डावीकडे रेलू नकोस, तो पाय तारेनं बांधलाय.
स्टूल खेरचं. गंगाधर खेर.
तिघऱ्यावर आम्ही तिघे, हा त्याचा एकुलता एक विनोद,
दर नव्या माणसाला ऐकवायचा.
आता पुण्यात असतो, मुलाकडे, अकराव्या मजल्यावर.
मुलगा म्हणतो, इथेही तलाव आहेत, बाबा.
खेर म्हणतो, आहेत रे,
पण चहूकडून कठडा, आणि लोक भराभरा चालतात.

साडेआठला त्याचा फोन येतो.
पाणी कुठवर? वारा शहराकडून की जंगलाकडून?
बाथम काय म्हणतो?
बाथम काही म्हणत नाही.
मी फोन त्याच्या कानाला लावतो,
आणि ते दोघं दोन मिनिटं
काही न म्हणता बसून राहतात.

या स्टुलावरून खेरनं एक कटला चाळीस मिनिटं खेळवला होता.
संक्रांतीच्या आसपास, बोटं गारठलेली.
काठाशी आला, डोळा दिसला, एवढा,
आणि गाठ सुटली.
गाठ मी बांधलेली. कोरडी.
खेर बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला,
मग म्हणाला, गजक आणलीयेस का?

थांब. हलू नकोस.
तुझा तरंग.
अजून नाही. रोहू आधी चाखतो, मग मागे सरकतो,
लग्नातल्या पाहुण्यासारखा.
बुडू दे पुरता.
आता! मनगटानं, खांद्यानं नव्हे!
जाऊ दे दोर, जाऊ दे, पळू दे त्याला,
आणि हा फोन, साडेआठ वाजले वाटतं,
बाथम, उचल रे,
बोलू नकोस काही,
नुसता रीलपाशी धर.