खरं

आमच्याकडं, वडगावात, 'पण' म्हणायचं असलं
की माणूस 'खरं' म्हणतो.
पुण्याहून आलेला एक एम.आर. हसला होता :
'येतो, खरं उशीर होईल', हे काय मराठी?
मी काउंटर पुसत राहिलो.

मोनाप्पा काकतकर. दोन मागांचा मालक,
आणि दोन्हींवरचा कामगारही तोच.
पहिल्यांदा आला दिवाळीनंतर.
'पित्त झालंय गा, दे काय तर.'
एक पट्टी दिली. दहा गोळ्या.
सगळ्यांनाच देतो; त्या आठवड्यात
निम्मं वडगाव छाती चोळत येतं.

संक्रांतीला परत आला.
मग दर आठ दिवसाला.
गोळी, गुलाबी बाटली, पाण्यात फसफसणारी पुडी,
मधे कुणी सांगितलं म्हणून महिनाभर ओवा.
'बरं वाटतंय, खरं रातच्याला जाग येते.'
'जेवतोय, खरं भाकरी हितंच उभारल्यागत होते.'
आणि छातीच्या मधोमध बोट ठेवलं,
ताण्यातला तुटका धागा दाखवावा तसं नेमकं.

मी गोळी बदलून दिली. जरा भारीतली.

धागा तुटला की त्याचा माग आपणहून थांबतो,
धोटा जागच्या जागी,
पदरावरचा मोर अर्ध्या मानेचा.
माणसाला तसली सोय नाही.
माणूस तुटक्या धाग्यावर
गजच्या गज विणत जातो
आणि वर सांगतो, कापड बरं येतंय.

शिमग्यानंतर एकदा
सुटे काढताना त्याच्या खिशातनं
बसस्टँडवरच्या काट्याची तिकिटं पडली काउंटरवर.
साड्यांचे हिशेब मागं लिहिलेले.
पुढं : चौसष्ट. एकसष्ट. साडेसत्तावन्न.
'पोट आत गेलं,' तो म्हणाला,
'बायको म्हणती देखणा दिसायलास.'
पँटला पट्ट्याऐवजी रेशमाची दोरी होती,
जांभळी, दुहेरी गाठीची.

शेजारी एक बाई बाळाचं ग्राईपवॉटर घेत होती.
मी आवाज खाली आणला,
आणि कसं कोण जाणे, कन्नडमधे विचारलं,
'कप्पग?'
काळी होते का?
दुसऱ्या भाषेत लाज जरा पातळ होते.
त्यानं रस्त्याकडं बघितलं.
'डांबरागत. खरं परवा बीट खाल्लंतं.'

बिटानं लाल होतं, मोनाप्पा.

त्या दिवशी मी पट्टी दिली नाही.
आजवर दिलेल्या मोजल्या मात्र.
अकरा.
अकरा वेळा त्याचा 'खरं' माझ्या समोर आला
आणि अकरा वेळा मी त्याला गप्प करून
कागदी पाकिटात घालून दिला.

एका पाकिटाच्या पाठीवर लिहिलं :
दुर्बिणीची तपासणी. रक्त. उद्याच.
'आणि डॉक्टरला बरं वाटतंय सांगू नको.
खरंच्या पुढचं तेवढं सांग.'
तो तापला. 'तू दुकानदार का डॉक्टर?'
पलीकडच्या कोपऱ्यावर दुसरं मेडिकल आहे.
तिकडं गेला. मी बघितलं.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली, मालू.
हातात तेच पाकीट, हळदीच्या बोटांचं.
'हे कुठं करत्यात?'
सिव्हिलचा फॉर्म कन्नडमधे, मी भरून दिला.
'किती दिवसांपासून' या रकान्यात
मी आधी दोन महिने लिहिलं,
खोडलं, पाच लिहिलं.

काल आला तो. नळी घालून आठवडा झाला.
तुकडा काढून तपासायला पाठवलाय,
अजून चार दिवस लागतील.
काही असेल, नसेल. साधा व्रणही असू शकतो,
असं डॉक्टरीण म्हणाली म्हणे.
एक माग मालू चालवते आता,
दुसऱ्यावर मोर तसाच आहे.

'घशाला बधिर केलंतं. दुखलं न्हाई,' म्हणाला,
'खरं...'

बाहेर कुणी क्रोसिन मागत होतं.
मी हात वर केला, थांब म्हणून,
आणि स्टूल पुढं सरकवलं.
'हं. बोल.'