तिसऱ्या तुळईखाली

मार्गिटनं फोटो पाठवले होते, एकोणीस.
सगळ्यांत एकच गोठा: मधाच्या रंगाचं लाकूड,
बरण्यांत मेणबत्त्या, टेबलांवर गोणपाटाचे पट्टे,
आणि शेण कुठेच नाही.

मी म्हटलं, होईल.
सतरा वर्षं मी हेच म्हणत आलेय.

जूनमध्ये विस्कॉन्सिनच्या त्या टेकडीवर गाडी लावली.
तिच्या बापानं, हॅल्वरनं, दार सरकवलं,
गंजकी चाकं रुळावर कण्हली,
आणि आतून गाय आली.
म्हणजे गाय नव्हे. गाई गेल्या दोन वर्षांपूर्वी,
त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा.
वास आला.
दूध, मूत, आंबलेला मका,
त्रेसष्ट हिवाळे लाकडात मुरलेली ऊब.

"हा जाईल ना?" मार्गिटनं विचारलं.
हॅल्वर म्हणाला, "कुठे जाईल?"

तीनदा धुतलं. चुना दिला. व्हिनेगर शिंपडलं.
मग लव्हेंडरच्या जुड्या उलट्या टांगल्या, साठ.
संध्याकाळी वास येत होता
लव्हेंडर लावलेल्या गाईचा.

कोऱ्या खुर्च्या आम्ही पॉलिश कागदानं घासत बसलो,
कडा उडवल्या, रंग टवके काढून विटवला.
तो कुंपणाला टेकून बघत होता.
"जुन्या करायच्यात? मग माझ्याकडे द्यायच्या.
मी नुसता बसलो असतो."

गव्हाणीवर पत्र्याच्या पाट्या होत्या, बेचाळीस,
चुन्याच्या ब्रशनं लिहिलेल्या:
टिली. डॅग्नी. मिसेस ओल्सन. लाथाळ.
मी त्या उतरवून खोक्यात भरल्या,
तिथे पाहुण्यांची यादी लावायची होती.
दुसऱ्या दिवशी खोकं गायब.
सापडलं त्याच्या ट्रकमध्ये, शेजारच्या सीटवर,
पट्टा लावलेलं.
मी काही विचारलं नाही.

कापड होतं चाळीस फूट, पांढरी मलमल,
तुळईवरून तुळईवर, लाटांसारखं सोडायचं.
मी शिडीवर, तोंडात खिळे.
खालून तो म्हणाला, "तिसरी सोडा."
वर चिखलाचा एक द्रोण,
त्यातून पाच पिवळ्या चोची, एकाच रागाच्या.
"पाकोळ्या," तो म्हणाला. जणू भाडेकरूंची ओळख करून देतोय.

मार्गिट रडली थोडी. फोटोत भोक दिसेल म्हणून.
अर्लीन मावशीनं काळी छत्री आणली,
उलटी करून घरट्याखाली टांगली,
दांड्याला रिबीन बांधली,
आणि लांब उभी राहून म्हणाली,
"चर्चमध्ये याहून वाईट झुंबर आहे."

शनिवारी चार वाजता
डेस्मंड खिशातून कागद काढत होता, हात कापत होते,
"मी तुला," एवढंच झालं,
तेवढ्यात दारातून एक निळं काहीतरी
एकशे चाळीस डोक्यांवरून सुसाट.
पाच चोची किंचाळल्या.
सगळे वर बघायला लागले, पाद्रीसुद्धा.
छत्रीत टप्प असा एक आवाज.
मार्गिट हसली ती थांबेचना,
आणि त्याचं पुढचं वाक्य कुणीच नीट ऐकलं नाही.

आता नव्या मुली तोच फोटो दाखवतात,
बोट ठेवतात कापडातल्या फटीवर.
असंच हवंय, म्हणतात. मुद्दाम वाटतं, तरी सहज.
मी म्हणते, बघू.

रविवारी सकाळी सगळं उतरवलं.
दिव्यांच्या माळांचा गुंता, बरण्यांत गोठलेलं मेण,
एका टेबलाखाली कुणाचा तरी एक बूट.
लव्हेंडर गाडीत चढलं
आणि पाच मिनिटांत गोठा पुन्हा गोठा झाला.
छत्रीकडे मी हात नेला.
"राहू दे ती," हॅल्वर म्हणाला.

मी निघाले तेव्हा तो दार लावत होता,
लावत होता म्हणजे हातभर सोडून,
खाली वीट अडकवून,
वाकायला त्रास होत होता तरी.