मांजरपाट

न्यूपोर्टला थंडी बंदरावरून येते,
न कळवता, माशांच्या वासासकट.

पेलेग थर्लोच्या जमाखर्चात
दर नोव्हेंबरला एक ओळ आहे:
जाडं कापड, सहा वार, पेशन्सकरता.
आपला मांजरपाटच समजा.
आधी टोचतो, मग विरतो,
मधले थोडे दिवस अंगावर असतो.

सतराशे एकोणसत्तरला ती ओळ नाही.

मी पानं मागेपुढे केली. चिकटलं असेल एखादं.
काकवीची पिंपं आहेत. रम आहे.
गिनीच्या किनाऱ्याला निघालेल्या गलबताचं शीड,
दोर, डांबर, बेड्या
(बेड्यांचा भाव डझनावर),
पाद्रीबाबांना दिलेलं एक बदक.
तिचे सहा वार तेवढे नाहीत.

कारण पत्रात सापडलं.
गावानं ठरवलं होतं, विलायती कापड बंद.
पार्लमेंट कर लावतं काय, बघूच.
"ते आम्हाला गुलाम करू पाहतात,"
थर्लो प्रॉव्हिडन्सच्या मेव्हण्याला लिहितो.
एका पत्रात गुलाम हा शब्द चार वेळा.
चौथ्यांदा टाक इतका दाबलाय
की शाई मागच्या बाजूला उतरलीय.
घरातल्यांना तो गुलाम म्हणत नाही.
आमची माणसं, म्हणतो.

मग पाद्रीबाबांकडे सूतकताई भरली.
सदतीस चरखे, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत,
एकशे चौऱ्याहत्तर लडी.
आकडा पेपरात छापून आला.
मेहिटेबल थर्लो, सात लडी, दुसरा नंबर.

चरखा म्हटलं की माझा ऊर भरून येतो,
शाळेतच लावलेली सवय.
म्हणून ते कात्रण वाचताना मी आधी हसले,
अभिमानानं, आपलंच कुणी असल्यासारखी.
सात लडींची लोकर आदल्या आठवड्यात
कुणी धुतली, पिंजली, कुणी पेळू वळले,
हे लक्षात यायला मला जेवणाची सुट्टी व्हावी लागली.
आपल्याकडे म्हण आहे, आयजीच्या जिवावर बायजी उदार.
इथे दोघींची नावं तरी कळतात.

म्हणजे, एकीचं कळतं.
पेशन्स, म्हणजे धीर, हे थर्लोनं ठेवलेलं.
धक्क्यावर पाणी भरताना तिला कुणी
फिबा म्हणत असेल, शुक्रवारची.
हे मी म्हणते. वहीत नाही.

आणि हेही वहीत नाही:
स्वयंपाकघराच्या दारात मेहिटेबलबाई
घरचं नवं कापड मुलीच्या खांद्याला लावून बघतायत,
देशाच्या कापडात किती शोभून दिसते पोर,
आणि म्हणतायत, पेशन्स,
यंदा सगळ्यांनीच थोडं सोसायचं आहे.
आणि ती, बरं बाईसाहेब.
झग्याचं कोपर गेल्या साली फाटलेलं,
त्याला ठिगळ, ठिगळाला ठिगळ.
चुलीकडे तोंड केलं की पाठ गारठते.

तिला राग आला असेल का, मला ठाऊक नाही.
रागाला वहीत रकाना नसतो.

पण पुढच्या मार्चात,
मिठाच्या आणि खिळ्यांच्या मधे,
थर्लोच्या बारीक, नेटक्या अक्षरात:
पिंजताना लोकरीत घट, पाव शेर.
पेशन्सला समज दिली.

समज म्हणजे काय ते लिहिलेलं नाही.
पाव शेर लिहिलंय.

त्या संध्याकाळी थेम्स स्ट्रीटवरच्या दुकानातून
मी पाव शेर लोकर विकत आणली,
न पिंजलेली, काड्याकुड्या असलेली,
मेंढीचा वास येणारी.
खोलीवर जाऊन बुटांत भरून बघितली.
टाचेशी थोडी, बोटांशी दाबून.
दोन्ही पायांना पुरते.
चिमूटभर उरते, ती कोपराला.