उजव्याला दोन ठिपके

खाल्ल्या मिठाला जागावं, असं म्हणतात.
इथं उयुनीत उलटं आहे:
मीठच गाडीला खातं,
आणि जागत कुणालाच नाही.

वीस वर्षं मी पाहुण्यांना त्या पांढऱ्यावर नेतो,
पावसाळ्यात वीतभर खारं पाणी कापत.
या जानेवारीत, कोल्चानीच्या वळणावर,
पुढून आवाज आला. कट. कट. कट.
सरळ चालताना गप्प,
स्टिअरिंग पूर्ण ओढलं की पुन्हा कटकट.
मागच्या सीटवरची बाई म्हणाली, घड्याळासारखं वाजतंय, छान.
मी रेडिओ मोठा केला.

सेवेरिनोला आता उजव्या कानानं ऐकू येत नाही,
डाव्यानं येतं ते सोयीपुरतं.
त्यानं भाचीला पाठवलं.
नेमेसिया, वय सतरा, बाह्या कोपरापर्यंत काळ्या.
"फिरव," म्हणाली. "गोल. सावकाश. चाक पूर्ण मोडून."
आणि गाडीच्या शेजारून वाकून चालत राहिली,
रडत्या पोराला विचारावं तशी
नक्की कुठं दुखतंय.
डावीकडे तीन फेऱ्या. उजवीकडे तीन.
"दोन्ही गेलेत."
मी म्हटलं, एकच असेल.
"दोन्ही. डावा जास्त बोलतो, एवढंच."

जॅक. चाक. कॅलिपर तारेनं टांगला, नळीवर भार नको म्हणून.
हबच्या नटाखालच्या वॉशरचे दुमडलेले कान
छिन्नीनं उलगडले.
नटानं तास घेतला. गंज आणि मीठ यांचं लग्न लागलं
की काडीमोड सहज मिळत नाही.
आतलं गोल घर उघडलं, तर ग्रीस नव्हतंच:
शेंगदाण्याच्या सूपाएवढं पातळ काहीतरी, काळं,
फाटक्या सीलमधून आलेलं डिफरन्शियलचं तेल त्यात कालवलेलं.
तिनं दोन बोटांत चोळून उन्हात धरलं.
चमकलं.
"हे लोखंड तुझंच."

काय म्हणायचं ते मला ठाऊक होतं,
इथला प्रत्येक ड्रायव्हर तेच म्हणतो:
डावा सांधा उजवीकडे घाल, उजवा डावीकडे.
पुढं जाताना जी बाजू रेटून झिजली तिला आराम,
कोरीला कामाला लाव.
माणूस नाही का कूस बदलत?
नवी जोडी ओरुरोहून बसनं येते,
आणि तेवढ्यात माझ्या पोरीची
नर्सिंगची अर्ध्या वर्षाची फी निघते.

ती बोलली नाही. रॉकेलमध्ये सांधा धुतला,
जुन्या टूथब्रशनं, कानाकोपरा,
आणि एका जागी अंगठा थांबला.
पंचनं ठोकलेले दोन ठिपके.
"मामा! उजव्याला किती ठोकतोस?"
"दोन," आतून सेवेरिनो. "कायम दोन."
हा आम्ही डावीकडून काढला होता.

मग मला आठवलं. आठ वर्षांपूर्वी,
हेच अंगण, मीच म्हणालो होतो, कूस बदल.
विसरलो होतो.
विसरणं तेवढं फुकट होतं.

तिनं माझं नख खाचेतून फिरवलं.
जाताना अडकलं. येताना अडकलं.
"तिसरी बाजू असती तर तीही घातली असती," म्हणाली.

गुरुवारी जोडी आली, तेलकट कागदात.
तिनं आधी ठिपके ठोकले, मग ग्रीस भरलं
करंजीत सारण दाबावं तसं, अंगठ्यानं, कडेपर्यंत.
शाफ्ट आत सरकवला. अडला.
डिफरन्शियलचे दात दिसत नाहीत, हातानंच विचारावं लागतं.
तिनं जरा उचलला, केसभर फिरवला,
आणि तो आपणहून चार बोटं आत गेला.
दुसरी बाजू अंधारात उरकली, टॉर्च माझ्या तोंडात.

पुन्हा फेऱ्या. डावीकडे तीन, उजवीकडे तीन.
खडी वाजली. कुठंतरी कुत्रं.
"येतोय का आवाज?" सेवेरिनोनं विचारलं.
तिनं मान हलवली.
"मलाही नाही," तो म्हणाला
आणि खोकला येईपर्यंत हसला.

मी नोटा मोजल्या. दोनदा.
"पाण्यातून आलास की खालून धुवायची," ती म्हणाली,
"गोड्या पाण्यानं. रोज."
धुतो.
बहुतेकदा.