दर पंधरा मिनिटांनी कूस

वूच शहराच्या नावाचा अर्थ होडी,
आणि पाणी कुठेच दिसत नाही.
नदी रस्त्याखालून जाते, नळात कोंडलेली.
ल्युडोमिर म्हणतो, मी पाहिलीये तिला,
सोमवारी निळी, गुरुवारी किरमिजी,
गिरणीत जो रंग उकळेल तो तिचा वार.

एकतीस वर्षं त्याने सूत बुडवलं.
रविवारी चर्चमध्ये नखं लपवायचा.
गिरणी बंद पडली, हात स्वच्छ झाले,
तो विसरला.
रंग विसरला नव्हता.
मूत्राशयाच्या आत एका कोपऱ्यात
फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा धरत गेला.

आज चौथा मंगळवार.
नर्स हाल्श्का मास्क बांधते, कुपी फोडते,
बारीक नळीतून आत सोडते
ताकाच्या निवळीसारखं काहीतरी गढूळ.
क्षयाचे जंतू. जिवंत.
फक्त दात काढलेले.
दोन तास धरून ठेवायचं,
दर पंधरा मिनिटांनी कूस बदलायची.

पाठीवर:
छतावर ओलीचा डाग.

डावीकडे:
ब्रोन्का. बावन्नचा हिवाळा.
तिच्या कपाच्या कानाला आईने लाल दोरा बांधलेला,
चुकून कुणी उचलू नये म्हणून.
एकदा त्याने त्यातलं उरलेलं दूध
चोरून पिऊन टाकलं. मध होता त्यात.
मार्चमध्ये ती गेली.
त्याला साधा खोकलाही आला नाही.
हे त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पोटावर, उशीत नाक:
डॉक्टर म्हणाली होती,
गाठ घरचीच असते, आजोबा,
म्हणून कुत्री भुंकत नाहीत.
परका आत शिरला की आळी जागी होते,
कंदील घेऊन लोक धावतात,
आणि त्याच उजेडात दिसतो
कधीचा ओसरीवर बसलेला तो दुसरा.
दिसतोच असं नाही, हेही ती म्हणाली होती.

उजवीकडे:
लघवी. फक्त लघवी.
घड्याळात अजून बावीस मिनिटं.
शेजारच्या खाटेवर कुणीतरी मजेत घोरतंय.

घरी बसूनच मोकळं व्हायचं,
मग भांड्यात ब्लीच ओतून थांबायचं.
तो थांबतो, टबाच्या काठावर,
निरोप द्यायला आल्यासारखा.

रात्री थंडी वाजते. अडतीस पूर्णांक एक.
दात वाजताना त्याला जरा हसू येतं,
उठले वाटतं.

खणात शोधून तो लाल दोरा काढतो,
आपल्या कपाच्या कानाला दोन गाठी मारतो.
घरात दुसरं कुणी नाही.
दुधात मध घालतो.