दारापेक्षा रुंद

कपाट दारातून निघत नाही.
टेम्पोवाला दोनदा टेप लावून बघतो,
तिसऱ्यांदा माझ्याकडे बघतो,
जणू मीच ते रात्रीतून फुगवलंय.

सहा वर्षांपूर्वी रामसजीवन मिस्त्रीने
ते इथेच, या खोलीत उभं केलं.
फळ्या एकेक करून जिन्याने वर आल्या,
आणि आम्ही दोघं भुशातच बसून पोहे खाल्ले.
भिंत एवढी, म्हणून कपाट एवढं.
बाहेर काढायचं कुणीच मोजलं नाही.
करार अकरा महिन्यांचा होता.
कपाट मात्र आम्ही जन्माचं केलं.

कन्नमवार नगर, तिसरा मजला.
खिडकीतून खाडी दिसत नाही,
भरतीला वास तेवढा येतो.
हेमराजला चाळीसगावच्या पतपेढीत जागा मिळाली.
पगार निम्मा, पण अंगण आहे,
असं तो जिन्यात भेटेल त्याला सांगतो,
आणि 'अंगण' म्हणताना हात असे पसरतो
की घरात असला तर उजवा फ्रिजवर आपटतो.

मी कुणाला काही सांगत नाही. याद्या करते.
गॅसचं पुस्तक. चैतूचं लशींचं कार्ड.
हिरूबाईचे एकशे चाळीस रुपये.
ते तिने घेतलेच नाहीत.
म्हणाली, ऱ्हाऊ दे, उधारी असली की माणूस फिरून येतं.
वर मांदेलीचा एक वाटा टाकला पिशवीत,
तिकडं काय, नदीचं म्हावरं,
नुसतं काटं.

दुसरं मूल हवं होतं आम्हाला.
चौघांना इथे कसं निजवायचं, हे गणित
एका रविवारी वर्तमानपत्राच्या कडेवर मांडलं.
एक ओट्याखाली. एक कपाटावर,
पंख्याला हात लागणार नाही असं.
खूप हसलो.
मग हेमराज हसायचा थांबला
आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

रामसजीवनलाच बोलावलं शेवटी.
केस पिकलेत त्याचे.
एकेक स्क्रू काढतो, ओठांत धरतो,
मग सांध्यावरून अंगठा फिरवत सांगतो,
फेव्हिकॉल आहे ताई, हे आता सुटायचं नाही.
कापावं लागेल.

कशाला चाललात?
मुलांसाठी, मी म्हणते.
तो करवतीचं पातं लुंगीला पुसतो.
माझीपण तिघं आहेत, जौनपूरला.
त्यांच्यासाठीच तर मी इथे.
आणि कापायला लागतो.

कपाटामागची भिंत निळी निघाली.
विसरूनच गेले होते मी,
आलो तेव्हा सगळी खोली अशी होती.
तिथे एक पेन्सिल, दोन क्लिपा,
आणि तो हरवलेला लहान चमचा,
ज्याच्यावरून आम्ही दोन दिवस बोललो नव्हतो.

एक फळी घेऊ का, रामसजीवन विचारतो,
पोरीला टेबल होईल. गावचा एकजण निघालाय.
मी दोन देते.
त्याच्या हातातली करवत जरा वेळ थांबते.

चैतू मोरीच्या कट्ट्यावर बसून सगळं बघतेय.
आई, कपाट आत कसं आलं होतं?
तुकड्या-तुकड्यांनी.
आणि मी?
तू टॉवेलात. एवढीशी.

ती विचार करते. उठते,
भुशात पावलं उमटवत दारापर्यंत जाते,
टेम्पोवाल्याला म्हणते, सरका,
आणि चौकटीत उभी राहून हात पसरते, बापासारखे.

दोन्ही तळवे लाकडाला टेकतात.
कोपरं अजून वाकलेलीच आहेत.