चव्वेचाळीस मिलिमीटर

अंबडला शेवटच्या शेडमागे आमचा बोगदा आहे,
पन्नास पावलं लांब, दिवसाही ट्यूबलाइट.
एका टोकाला शिकंज्यात आवळलेली बंदूक,
दुसऱ्या टोकाला मी भरलेली माती.

ही शेतातली माती नव्हे.
तेलकट, करडी, कपाटात ऊब देऊन मऊ केलेली,
कारण माणूस आतून कोमट असतो
आणि हिला त्याच्यासारखं दबायचं असतं.
चौकटीत थापते, मुठीने कोपरे भरते,
बुडबुडा राहू देत नाही,
पट्टी फिरवून सपाट करते
आणि वर पोलादाची प्लेट बांधते.

"छाती झाली का तयार?"
खैरनार हवालदार लांबून विचारतात.
देवळालीला तोफांपाशी उमेद गेली, डावा कानही गेला.
"झाली" हे मला त्यांच्या उजवीकडे जाऊन सांगावं लागतं.

एरवी साध्या रायफलीची गोळी येते.
टण्ण होतं, शिशाचा पानाच्या पिंकेएवढा डाग पडतो,
खड्डा भरतो वीस, बावीस, फार तर तीस.
चव्वेचाळीसपर्यंत माणूस जगतो, असं नियमात लिहिलंय.
कुणी मोजलं, कशावर मोजलं,
ते मी नोकरी लागली तेव्हा विचारलं होतं.
आता विचारत नाही.

आज धामणेशेठनी मोठी काडतुसं आणवली.
एक उचलून बघितलं:
माझ्या मनगटापासून बोटाच्या नखापर्यंत पुरलं.
"ही अडली," शेठ म्हणाले, "की सगळं अडलं."

खैरनारांनी दोरी ओढली.

आमच्या पत्र्यावरची कबुतरं निर्ढावलेली आहेत,
आज तीही उडाली.
वेगाच्या यंत्रावर आठशे एक्क्याऐंशी.
धूर, जळक्या रंगाचा वास,
आणि प्लेट जागेवर.
भोक नाही!

शेठनी टाळी वाजवली, पोऱ्याला चिवडा आणायला पिटाळलं,
गरम प्लेटला रुमालाने थोपटत म्हणाले,
"टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. घ्या, देव झाला!"

मी पट्टे सोडले.
हनुवटीच्या जागी लावलेल्या पुठ्ठ्याला
सात बारीक भोकं होती. गोळीचा चुरा तिकडे गेला होता.
ती लिहून घेतली.
मग प्लेट उचलली. पाठीला तिच्या आवाळू आलेलं,
आणि मातीत त्याचा साचा.

मापकाची दांडी आत सोडली.
चाळीस. पन्नास.
सत्तावन्नला टेकली.
पुन्हा मोजलं, कारण शेठ बघत होते.
सत्तावन्न.

"पण गोळी थांबली ना?"
"प्लेटमध्ये थांबली, शेठ. मातीत नाही थांबली."

खैरनार पुढे आले. काही न बोलता
खड्ड्यात मूठ ठेवली.
निम्मी आत गेली.
तशीच ठेवून उभे राहिले थोडा वेळ,
दुसरा हात आपल्याच शर्टच्या तिसऱ्या बटनावर.
चिवडा आला. कागद उलगडला गेला.
मी रकान्यात "नापास" लिहिलं,
अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश.

तांबट आळीत घरी आले तेव्हा
अण्णा हंड्याच्या पोटावर ठोके घालत बसले होते.
सत्तरी उलटली तरी
एकेक ठोका शेजारच्याला खेटून.
त्यांच्या मते भांडं ठोक्यानेच घट्ट होतं,
न ठोकलेलं तांबं हाताच्या धक्क्याने चेमटतं.
मी सांगितलं आजचं. आवाळू, साचा, आकडा.
त्यांनी हातोडी मांडीवर ठेवली.

"किती ठोके?"
"एकच."

त्यांनी हंडा फिरवला,
दिव्याकडे धरला,
आपल्या हातचे ठोके बोटाने मोजल्यासारखे चाचपले.
"एका ठोक्यात," म्हणाले, "आमच्याकडे काहीच होत नाही."

माझ्या नखांत अजून करडी माती होती.
उद्या नऊला तोच खड्डा भरायचा आहे.